बादलीभर समुद्र

छत्रपती संभाजीनगरात बसून मुलांना समुद्र शिकवायचा? अहो, होतं! त्यासाठी गोव्याचं बुकिंग लागत नाही. लागतं ते मीठ, एक पातेलं, सोसायटीचा जिना आणि रविवारची एक रिकामी सकाळ.

'समुद्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं? लाँग वीकेंड, ऑफिसच्या ग्रुपवर महिनाभर आधीपासून चाललेली चर्चा, रात्रभर गाडी हाकून गाठलेलं अलिबाग नाहीतर दापोली, आणि मग पायात वाळू, हातात शहाळं, खिशात मोबाइल. सोमवारी सकाळी पुन्हा वाळूजची शिफ्ट किंवा चिकलठाण्याचा पंचिंग गेट. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आपल्यासाठी समुद्र म्हणजे सुट्टी. आणि साहजिकच आपल्या पोरांसाठीही समुद्र म्हणजे सुट्टीच!

पण मूल चार-पाच वर्षांचं झालं की प्रश्न सुरू होतात. समुद्र खारट का असतो? त्याच्या खाली काय असतं? शंखात त्याचा आवाज कसा येतो? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, 'आपल्याकडे का नाही समुद्र?' यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं. 'कारण आपण लांब राहतो, राजा.' विषय संपला, कार्टून लावलं, आपण लॅपटॉप उघडला.

खरं सांगायचं तर हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि मुंबईचा किनारा गाठायला सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो, हे मान्य. पण समुद्र आपल्याकडे रोज येतो आणि रोज आपल्याकडून जातो. येतो आभाळातून, जातो नाल्यातून. हे एकदा मुलाच्या लक्षात आलं ना, की समुद्र नुसता पिकनिक स्पॉट राहत नाही. म्हणूनच या आठवड्यात आपण आपल्याच शहरात, आपल्याच घरात समुद्र शोधू या. चला तर मग!

समुद्राचे गावातले पत्ते

सुरुवात पायाखालच्या दगडापासून. कंपाउंड वॉलचा, देवगिरीच्या तटबंदीचा, वेरूळच्या कैलास लेण्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आता गंमत ऐका. महासागराचा तळही मुख्यतः बेसाल्टचाच असतो. म्हणजे आपल्या अंगणातला काळा दगड आणि समुद्राच्या तळाचा दगड हे चुलत भाऊच म्हणायचे. मुलाच्या हातात एक काळा खडा द्या आणि सांगा, असाच दगड समुद्राच्या तळाशी, चिखलाच्या खाली आहे. बघा, तो खडा दप्तरातून बाहेर निघतो का!

पुढचा पत्ता इतिहासातला. १६१० च्या सुमाराला खडकी नावाचं गाव वसवून या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला, हबसाणचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, समुद्र ओलांडून दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला. आणि समुद्रापलीकडून आलेल्या या माणसाने इथल्या कोरड्या पठाराला काय दिलं? पाणी! जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. पुढे शहरात अशा आणखी नहरी झाल्या. त्यातल्या एका नहरीच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की आपण पाहुण्यांना दाखवतो. पुढच्या वेळी मुलाला तिथे नेलंत तर फोटोच्या आधी ही गोष्ट सांगा.

तिसरा पत्ता बाजारातला. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या भागात मुलाचा हात धरून एक चक्कर मारा. यादी अशी :

मीठ तर कुठेही मिळेल. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा. पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तो तुकडा म्हणजे फेस नव्हे, माकुळासारख्या एका समुद्री प्राण्याच्या अंगातलं कवच असतं. पाण्यात टाका, तरंगतं. किराणा दुकानात चायनाग्रास घ्या. थंडगार पुडिंग लावतो ना, ते. ते लाल समुद्रशैवालापासून बनतं. म्हणजे आपण उन्हाळ्यात शैवाल खातो हो! पूजेच्या दुकानात शंख, सोनाराकडे पोवळं आणि मोती. मासळीबाजारात एका बाजूला नाथसागराचे गोड्या पाण्यातले मासे, दुसऱ्या बाजूला बर्फातून आलेले बांगडे आणि सुरमई. घर शाकाहारी असेल तर ही पाटी वगळा. यादी तशीही भरगच्च आहे.

आणि कवड्या! तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण लहानपणापासून बघतो. ती कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचं कवच. कधीकाळी मालदीवच्या उथळ समुद्रातून अशा कवड्या जहाजं भरभरून यायच्या आणि बाजारात नाणं म्हणून चालायच्या. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द तिथलेच. समुद्र न पाहिलेल्या कितीतरी पिढ्यांनी इथे समुद्र गळ्यात घातलाय.

हे सगळं घरी आणून एका ताटात मांडा. झालं तुमचं म्युझियम. पहिला प्रयोगही लगेच करता येतो. मुलाला शंख कानाला लावायला सांगा. 'समुद्र ऐकू येतोय!' मग तसाच एक रिकामा स्टीलचा पेला कानाला लावायला द्या. पेल्यातही समुद्र! मग खरं गुपित सांगा. शंखात समुद्र नसतो. आपल्या आजूबाजूचे बारीक आवाज पोकळीत घुमतात आणि तो 'सूंऽऽ' ऐकू येतो. भ्रमनिरास होईल म्हणता? मुळीच नाही. मुलं घरातली सगळी भांडी कानाला लावून बघतात. दुपारचे दोन तास शांतता!

ही आयडिया जुनीच आहे

कुणाला वाटेल, हे सगळं परदेशी प्लेस्कूलचं फॅड. तर तसं नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला, म्हणजे डहाणूजवळच्या अगदी समुद्रकाठच्या गावी, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, माती जे आजूबाजूला पडलेलं मिळेल त्याचंच शिकण्याचं साहित्य झालं. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून हेच दाखवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांकडून घ्यायचा धडा एकच. मुलाच्या हातात वस्तू द्या आणि आपण जरा कमी बोला. आपल्याला ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायची सवय असते ना, ती इथे बंद!

लिफ्ट नको, जिना घ्या

समुद्र किती खोल? 'खूऽऽप' हे उत्तर मुलांना पुरत नाही. मग सोसायटीचा जिना आहे की! हिशोब सोपा. एक पायरी म्हणजे शंभर मीटर. सगळ्यात वरची पायरी म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग. हातात खडू घ्या आणि खाली उतरत खुणा करत चला.

हौसेने स्कूबा डायव्हिंग करणारा माणूस साधारण चाळीस मीटरपर्यंत जातो. म्हणजे अर्धी पायरीसुद्धा नाही! दुसरी पायरी, २०० मीटर. झाडं-शैवालं अन्न तयार करू शकतील इतका उजेड इथपर्यंतच. दहावी पायरी, १००० मीटर. सूर्यप्रकाश संपला, पुढे काळामिट्ट अंधार. इथून पुढे जिन्यातला दिवा घालवा आणि टॉर्च लावा. विसाव्या पायरीच्या आसपास स्पर्म व्हेल डुबकी मारून येतो, तेही एका श्वासात. सदतिसावी पायरी म्हणजे महासागराची सरासरी खोली. अडतिसावीवर टायटॅनिक. साठाव्या पायरीवर थांबून टाळ्या वाजवा, कारण माणसांना ६००० मीटरपर्यंत नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' या भारतीय पाणबुडीचं लक्ष्य हेच आहे. एकोणनव्वदाव्या पायरीपर्यंत एव्हरेस्ट अख्खा बुडेल. आणि एकशे नवव्या पायरीला मरियाना गर्तेचा तळ!

एकशे नऊ पायऱ्या म्हणजे साधारण पाच-सहा मजले. तेवढी उंच बिल्डिंग नसेल तर तोच जिना दोन-तीनदा उतरा. आणि मग वर येऊन मुलाला विचारा, आपलं शहर समुद्राच्या किती पायऱ्या वर? साडेपाच! 'फक्त?' असा चेहरा होईल. तोच तर आपल्याला हवा होता. लांब वाटणारा समुद्र उंचीने इतका जवळ आहे.

चिमूटभर खारट गोष्ट

आता स्वयंपाकघर. एक लिटर पाणी घ्या. त्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे, टाकून ढवळा. झाला समुद्र! बोट बुडवून नुसती चव घ्यायची, प्यायचं नाही. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

यातलं वाटीभर पाणी पसरट स्टीलच्या ताटात ओता आणि गच्चीवर ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन एरवी शिव्या खातं, पण इथे ते स्टार परफॉर्मर! दिवसा-दोन दिवसांत ताटात पांढरे कण चमकायला लागतात. वसई, उरणच्या बाजूची मिठागरं याच पद्धतीने चालतात. फक्त त्यांचं ताट शेतभर मोठं असतं.

अंड्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. आपण केलेल्या समुद्राइतक्या खारट पाण्यात ताजं अंडं बुडतंच. ते वर यायला याहून बरंच जास्त मीठ लागतं. एका पेल्यात चमचा चमचा वाढवत जा आणि मुलाला मोजू द्या. अंडं वर आलं की सांगा, मृत समुद्र आपल्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट आहे, म्हणून त्यात माणसं पडल्या पडल्या तरंगतात. अंडं नको असेल तर बटाट्याची फोड घ्या, तीही अशीच आधी बुडते आणि मग वर येते.

खऱ्या खारट पाण्याचं दर्शन घ्यायचं असेल तर एक दिवसाची ट्रिप काढा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार इथून साधारण दीडशे किलोमीटरवर. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर आणि त्यातलं खारट, अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये हे सरोवर चक्क गुलाबी झालं होतं. पाणी घटून क्षार वाढले आणि क्षारात रमणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं त्याचं कारण निघालं. काठावरून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही, तो अभयारण्याचा भाग आहे.

दोन थेंबांची श्रीमंती

हा पुढचा प्रयोग प्लीज, प्लीज करा. कारण आपल्या शहरात तो जितका लागू पडतो तितका मुंबई-पुण्यात पडणार नाही. नळाला कधी पाणी येणार, टँकरचा नंबर कधी लागणार, हे विचारत आपण मोठे झालो. पाणी येण्याच्या दिवशी ऑफिसला हाफ डे टाकणारे लोक इथे सापडतील!

एक लिटरची बाटली भरा. सांगा, हे पृथ्वीवरचं सगळं पाणी. यातलं जवळजवळ ९७५ मिलिलिटर खारट. ते बाजूला काढा. उरलं २५ मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाची दोन-अडीच झाकणं. यातलं १७ मिलिलिटर ध्रुवांवर आणि डोंगरांवर बर्फ होऊन बसलंय. ते फ्रीजरमध्ये ठेवा. साडेसात मिलिलिटर जमिनीच्या पोटात. ते कुंडीतल्या मातीत ओता. मग नद्या, तलाव, धरणं, आपला नाथसागर आणि आपला नळ यांच्या वाट्याला काय आलं? ड्रॉपरने मोजून दोन थेंब. ते मुलाच्या तळहातावर ठेवा. बस्स. पुढे भाषण करू नका.

मग समुद्राचं पाणी का नाही वापरत? प्रश्न येणारच. तर पुढचा खेळ.

आभाळातून येणारा समुद्र

मोठ्या पातेल्यात गरम खारट पाणी घ्या. हे काम मोठ्यांनीच करायचं. त्यात निळ्या खाण्याच्या रंगाचे दोन थेंब. मधोमध एक जड, रिकामी वाटी. वर खोलगट झाकण उलटं ठेवा आणि झाकणावर बर्फ. दहा-पंधरा मिनिटांत झाकणाच्या पोटाला थेंब जमतात आणि टप टप वाटीत पडतात. वाटीतलं पाणी चाखायला द्या. खारट नाही! रंगही नाही! मीठ आणि रंग दोन्ही खालीच राहिले.

हाच तो क्षण. सांगून टाका, आपल्याकडे जो पाऊस पडतो ना, तो बहुतेक असाच, मीठ खाली ठेवून आलेला समुद्र असतो.

मग तो कोकणात धो धो आणि आपल्याकडे मोजून मापून का? त्यासाठी एक स्पंज आणि एक जाड पुस्तक आणा. पुस्तक उभं करा, तो सह्याद्री. स्पंज पाण्यात बुडवा, तो ढग. ढग पश्चिमेकडून आला, डोंगर चढायला लागला, दाबा स्पंज! सगळं पाणी अलीकडे, कोकणात. आता तोच स्पंज पुस्तकावरून पलीकडे न्या आणि पुन्हा दाबा. चार थेंब. हा आपला मराठवाडा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, संभाजीनगरला सातशेच्या आसपास. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द मुलं पाचवी-सहावीत पाठ करतील. त्यांना तो पाचव्या वर्षीच कळलेला असेल.

मोठ्या मुलांना एक पाऊल पुढे न्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, पश्चिमेकडे सरकतो आणि आपल्याकडे दमदार पाऊस होतो. म्हणजे आपल्याकडे पूर्वेच्या समुद्राचंही पाणी येतं. आणि पार तिकडे, प्रशांत महासागरात दक्षिण अमेरिकेजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं, ज्याला एल निनो म्हणतात, की आपला मान्सून बिघडण्याची भीती वाढते. दर वेळी तसं होतंच असं नाही. पण २०१५ हे एल निनोचं वर्ष होतं आणि त्या वर्षी मराठवाड्यावर पाऊस रुसला. पुढच्या एप्रिलमध्ये, २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावाकडे त्या वर्षी कापूस, सोयाबीन हातचं गेलं असेल. आजोबांना फोन लावून द्या. 'आबा, तेव्हा काय झालं होतं?' असं नातवाने विचारलं की जे ऐकायला मिळेल ते कुठल्याही पुस्तकात नाही. एका लांबच्या समुद्राचं तापमान आणि आबांचं शेत यांचा संबंध मुलाला जोडता आला, तर अजून काय हवं?

नाल्यातून जाणारा समुद्र

आता उलटा प्रवास. बेसिनमध्ये पाणी सोडलं की ते कुठे जातं? विचारा मुलाला. 'खाली!' बरोबर. मग? गटार, नाला, मग शहरातून वाहणारी खाम नदी. खाम जाऊन गोदावरीला मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो. पण ती तिकडे पाठ फिरवते! पैठण, गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात शिरते, राजमहेंद्रीवरून पुढे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. १४६५ किलोमीटरचा प्रवास! म्हणजे आपण सुट्टीत जातो तो समुद्र पश्चिमेचा, आणि आपलं पाणी जातं तो समुद्र पूर्वेचा. संभाजीनगरकरांचा खरा समुद्र बंगालचा उपसागर आहे, हे कितीजणांना ठाऊक होतं?

हॉलमध्ये निळी ओढणी अंथरा, ती गोदावरी. वाट्या, डबे ठेवून गावं मांडा. मध्ये उशांची धरणं. मुलाला कागदाची होडी न्यायला लावा. जायकवाडीला अडकली? अडकणारच! उचलून पुढे ठेवा. पुढे पुन्हा धरण. होडी अडकते, पण चिप्सचं रॅपर? पुराच्या पाण्यासोबत तेही एक एक टप्पा पुढे सरकतं.

म्हणून दुसरा एक हळू चालणारा प्रयोग सुरू करा. एका मोठ्या कुंडीत केळीचं साल, सुती चिंधी, पत्रावळीचा तुकडा आणि बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन पुरा. प्रत्येक जागी काडी रोवा. पावसाळा संपला की उकरा. काय गेलं आणि काय तसंच राहिलं, हे मुलाला आपोआप दिसेल.

गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून खामच्या काठाची साफसफाई आणि पुनरुज्जीवन हाती घेतलंय. रविवारी तिथे चालायला जा. काठावरून वाकून 'हे पाणी कुठे चाललंय?' असं पोराने विचारलं की समजा, अर्धं काम झालं.

आणि हो, दोन्ही समुद्र वेगळे वाटत असतील तर कासवांना विचारा! ऑलिव्ह रिडले जातीच्या बागेश्री नावाच्या मादीला फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावला होता. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर! नकाशावर लोकरीच्या धाग्याने हे दोन्ही रस्ते चिकटवा. मग समुद्रावर जायचंच झालं तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. गावकऱ्यांच्या मदतीने ते काम उभं राहिलं. इवलीशी पिल्लं लाटेकडे धावताना बघितली की मुलाला आधीचे सगळे प्रयोग आठवतील.

जवळची वीकेंड ट्रिप

वेळासला जायला सुट्टी नाही? बॉस नाही म्हणतो? मग पन्नास किलोमीटरवरचं पैठण आहेच. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर म्हणजे आपला प्रॅक्टिसचा समुद्र. पलीकडचा काठ दिसत नाही, वारा असला की लाटा येतात, हिवाळ्यात नशीब असेल तर रोहित पक्षीही दिसतात. मुलाला विचारा, याला समुद्र का म्हणायचं नाही? 'कारण खारट नाही' असं उत्तर आलं तर आइस्क्रीम पक्कं!

पैठणचं समुद्राशी नातं तर दोन हजार वर्षांचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणचं नाव आहे. इथला माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा. वीस दिवसांचा रस्ता! सातवाहनांनी तर नाण्यावर जहाज कोरलं. आणि अजिंठ्याला गेलात तर दोन क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं, वादळात सापडलेलं जहाज शोधा. डोंगराच्या पोटात, किनाऱ्यापासून इतक्या दूर, कुणीतरी शिडांचं जहाज रंगवून ठेवलंय. मुलाला आधी काही सांगू नका. त्यालाच शोधू द्या.

हे मात्र लक्षात ठेवा

प्रयोगाला पाणी लिटरभरच घ्या, बादल्या भरू नका. लहान मूल आणि भरलेली बादली एकत्र कधीच सोडू नका. कवड्या, मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोत. एका दिवशी एकच खेळ, नाहीतर शाळा होते. मुलाचा प्रश्न लगेच सोडवू नका, 'तुला काय वाटतं?' असं विचारा. आणि उरलेलं साधं पाणी झाडांना घाला.

पण खारट पाणी? ते तुळशीला घालायला मूल धावलंच तर थांबवा आणि विचारा, घालायचं का? मुळं ते पाणी ओढू शकत नाहीत, उलट झाड सुकतं. मग ओतायचं कुठे? सोपं आहे. पुन्हा ताटात, पुन्हा गच्चीवर. पाणी वर जाईल, मीठ खाली राहील. ते मीठ डबीत भरून ठेवा, पुढच्या रविवारी कामाला येईल.

गोव्याचं बुकिंगही करा हो, कोण नाही म्हणतंय! फक्त जाण्याआधी हे एवढं करून जा. मग तुमचं पोरगं लाटेत उभं राहून 'हे पाणी आपल्याकडे कधी येणार?' असं विचारेल. त्याला उत्तर काय द्यायचं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये!